सत्त्याऐंशी फ्रेम्स

वाळपईहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामगार नेणारी बस पहाटे पाचला सुटते. त्या बसमध्ये चालकाच्या मागच्या सीटवर मी नऊ दिवस बसले होते. मांडीवर वही, आणि पुढे काचेला चिकटवलेले दोन छोटे कॅमेरे, एक चालकाच्या चेहऱ्याकडे नि एक रस्त्याकडे तोंड केलेला. कशासाठी, ते नीट सांगते, कारण या कामाबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही.

मी गोव्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. माणूस आणि यंत्र यांचं एकमेकांशी कसं जमतं, हा माझा विषय. कामगारांची ने-आण करणाऱ्या एका कंत्राटदाराने आपल्या बसगाड्यांत चालकाला डुलकी लागल्यास जागं करणारं यंत्र बसवलं होतं. ते सुरक्षित आहे असा अहवाल त्यांना हवा होता. मी म्हटलं, तपासून अहवाल देईन, पण तो काय असेल ते आधी सांगता येणार नाही. त्यांनी ते मान्य केलं.

यंत्राचे दोन भाग. स्टिअरिंगच्या पुढे, डॅशबोर्डवर चालकाकडे बघणारा कॅमेरा. डोळे मिटले किंवा मान वळून राहिली तर त्याला कळतं. दुसरा भाग म्हणजे चालकाच्या डाव्या हाताला बसवलेला सात इंची पडदा. त्यावर थांब्यांची यादी, कुठल्या थांब्यावर किती कामगार चढले ते भरायची जागा, आणि बस किती मिनिटं मागे आहे तो आकडा. कॅमेऱ्याला शंका आली की पडदा लाल होतो, इंग्रजीतून मोठ्याने सूचना सुरू होते, आणि पडद्यावरचं ‘ओके’ दाबेपर्यंत ती थांबत नाही.

पहिला दिवस नुसत्या उभ्या बसमध्ये गेला. गाडीतल्या अशा यंत्रांसाठी युरोपीय आयोगाने १९९९ साली काही तत्त्वं मांडली आणि पुढे २००८ पर्यंत ती सुधारली. पडदा चालकाच्या नेहमीच्या नजरेच्या जितका जवळ असेल तितका बरा, त्यावर ऊन चमकू नये, एक हात कायम स्टिअरिंगवर राहता यावा, अर्धवट सोडलेलं काम जिथे सोडलं तिथूनच पुढे करता यावं, आवाज कमीजास्त करणं चालकाच्या हातात असावं. अशा मुद्द्यांची यादी घेऊन आम्ही एकेक बाब तपासत गेलो. उन्हाच्या मुद्द्यावर मी आधी बरोबर अशी खूण केली होती, कारण आवारात झाडाची सावली होती. मग घरी नकाशा उघडला. वाळपईहून वेर्णा नैर्ऋत्येला. म्हणजे सकाळी जाताना ऊन पाठीमागून, आणि संध्याकाळी परत येतानाही पाठीमागूनच. दोन्ही वेळा ते खिडक्यांतून आत शिरून थेट पडद्यावर. दुसऱ्या दिवशी खूण खोडली.

चालक सहाजण होते. अमेरिकेतल्या पद्धतीप्रमाणे अशा चाचणीला चोवीस माणसं लागतात. आमच्याकडे सहा, म्हणून टक्केवारीच्या फंदात मी पडले नाही. सहा जणांना जे जड जातं ते बघायला टक्केवारी लागत नाही.

त्या सहाजणांना एकत्र बसवून मी पहिलं वाक्य सांगितलं ते असं: “ही परीक्षा तुमची नाही, यंत्राची आहे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाचाही विश्वास बसला नव्हता, हे मला खूप नंतर कळलं. पंधरा-वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाच्या तोंडावर कॅमेरा लावायचा, बोटाला वायर बांधायची, चुका मोजायच्या आणि म्हणायचं परीक्षा तुमची नाही! त्यांच्यातले सगळ्यात मोठे केरीचे एक काका. पन्नाशी ओलांडलेली, बोलणं कमी. ते मला ‘मॅडम’ म्हणत आणि प्रत्येक कागदावर सही करण्याआधी तो दोनदा वाचत.

कागद मराठीत होते, आणि ते मराठीत आणताना माझी फार दमछाक झाली. चालकावर कामाचा भार किती पडला ते विचारायची एक प्रश्नावली जगभर वापरतात. ‘नासा’च्या संशोधकांनी ती ऐंशीच्या दशकात तयार केली. सहा प्रश्न, प्रत्येकाखाली एक रेघ, रेघेवर खूण करायची. पहिल्या खेपेला मी ‘मानसिक मागणी’, ‘कालिक मागणी’, ‘नैराश्य पातळी’ असं लिहून बसले होते. माझ्या आईला वाचायला दिलं. ती म्हणाली, “हे डॉक्टरकडचं आहे का गो?” मग सगळं फाडलं. ‘डोकं किती लावावं लागलं?’, ‘किती घाई झाली?’, ‘किती वैताग आला?’ असं लिहिलं, आणि काकांनी तो कागद एकदाच वाचला. भाषांतर चुकलं असतं तर पुढचे सगळे आकडे फुकट होते. माणसाला प्रश्न कळला नाही तरी तो खूण करतोच, आणि आपण ती खूण खरी समजून चालतो.

तिसऱ्या टप्प्यात चष्मा. गाडी चालवताना नजर रस्ता आणि पडदा यांच्यात ये-जा करते. ती ये-जा उभ्या गाडीत आणण्यासाठी एक खास चष्मा असतो. त्याच्या काचा दीड सेकंद स्वच्छ असतात आणि पुढचे दीड सेकंद दुधाळ होऊन काहीच दिसत नाही. पुन्हा दीड सेकंद दिसतं, पुन्हा नाही. तो घालून पडद्यावरचं काम करायचं, आणि काचा उघड्या होत्या तेवढाच वेळ मोजायचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ही मर्यादा बारा सेकंदांची आहे, म्हणजे आठ वेळा काच उघडेपर्यंत काम झालं पाहिजे. त्या सूचना हलक्या वाहनांसाठी आहेत आणि ऐच्छिक आहेत, बसला लागू नाहीत. पण मोजायला कुठलं तरी माप लागतं, आणि बस म्हणजे तर मागे चाळीस माणसं.

‘थांब्यावर पोचलो’ हे बटण सगळ्यांना दोन-तीन उघडीपीत जमलं. कामगारांची संख्या भरताना मात्र गोष्ट अडकली. आकड्यांची पाटी उघडायची, जुना आकडा पुसायचा, नवा टाकायचा, जपून ठेवायचं. मध्ये चार सेकंद हात लागला नाही की पडदा आपोआप पहिल्या पानावर जायचा. अंधारातून बाहेर येईपर्यंत काकांचा आकडा पुसून गेलेला असे आणि ते मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. त्यांना तेरा उघडीपी लागल्या. साडेएकोणीस सेकंद. चष्मा काढून त्यांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, “मॅडम, परत एकदा करतो. मला जमेल.”

मला त्या वेळी फार वाईट वाटलं. ते नापास झाल्यासारखे बोलत होते. मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, पण नुसत्या वाक्याने काय होतं?

पुढची चाचणी रविवारी, रिकाम्या बसमध्ये. चाचणीमुळे कुणाचा जीव धोक्यात येता कामा नये, हा या कामातला पहिला नियम. म्हणून चालकाचं लक्ष मुद्दाम वाटून घेणारं जे काही होतं, ते प्रवासी नसताना, वर्दळ नसलेल्या रस्त्यावर, शेजारी दुसरा चालक बसवून केलं. खांद्याजवळ एक इवलीशी मोटर चिकटवतात. दर तीन ते पाच सेकंदांनी ती थरथरते, आणि थरथर जाणवली की डाव्या तर्जनीला बांधलेलं बटण स्टिअरिंगवर दाबायचं. अडीच सेकंदांत दाबलं नाही तर ती चुकली असं धरतात. मोटरीऐवजी डोळ्यापुढे छोटा दिवाही लावता येतो, पण आपल्याकडच्या उन्हात तो दिसला असता की नाही, शंका होती. या चाचणीने डोळ्यांचा नाही, डोक्याचा भार कळतो. डोळे रस्त्यावर असूनही मन दुसरीकडे गेलेलं असतं, आणि ते नुसतं बघून ओळखता येत नाही.

नुसती गाडी चालवताना काकांचं बोट घड्याळासारखं चाललं होतं. मग लाल पडदा मुद्दाम सुरू केला. इंग्रजी आवाज घुमला, काकांनी ‘ओके’ दाबलं, आवाज थांबला. आणि त्यानंतर लागोपाठ दोन थरथरी त्यांना जाणवल्याच नाहीत. पडद्याचं काम संपलं होतं, नजर रस्त्यावर परत आली होती, तरी डोकं अजून त्या आवाजातच होतं. हे सहापैकी चौघांच्या बाबतीत झालं. आवाज थांबला की सगळं पूर्ववत झालं असं मी स्वतःही धरून चालले होते.

त्यानंतर खरी फेरी. नऊ दिवस, प्रवाशांसह, आमच्याकडून काहीही न लादता. फक्त बघायचं.

होंडा, पिसुर्ले, उसगाव, तिस्क, खांडेपार, फोंडा, मग बोरीचा पूल ओलांडून वेर्णा. अंधारात सुरुवात, रस्त्याकडेला पावाच्या टोपल्या घेऊन निघालेले पोदेर, खाणपट्ट्यात ट्रक. कामगार चढतात आणि बसल्या बसल्या झोपतात. पूर्ण बसमध्ये जागं राहायचं काम एकट्या माणसाचं.

संध्याकाळी कॉलेजमध्ये बसून मी आणि माझा विद्यार्थी ते चित्रीकरण एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहायचो. सेकंदाला तीस फ्रेम्स. नजर रस्त्यावरून हटली ती फ्रेम आणि परत आली ती फ्रेम, दोघांनी वेगवेगळी नोंदवायची आणि मग ताडून पाहायची. एक तासाचं चित्रीकरण नोंदवायला आम्हाला जवळजवळ पूर्ण दिवस लागे. दोन सेकंद म्हणजे साठ फ्रेम्स. साठाच्या वर गेलं की लाल पेनाने लिहायचं. हा दोन सेकंदांचा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत शंभर गाड्यांत कॅमेरे लावून वर्षभर लोकांचं रोजचं चालवणं टिपलं होतं. त्याचे निष्कर्ष २००६ साली आले, आणि त्यात नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटली की अपघात किंवा थोडक्यात टळलेला अपघात होण्याचा धोका निदान दुप्पट होतो असं दिसलं.

तिसऱ्या दिवशीची नोंद माझ्या वहीत आहे. पिसुर्ल्याच्या पुढे, अजून उजाडायचं होतं. समोरून ट्रक आला, त्याचे दिवे थेट डोळ्यांवर. काकांनी डोळे बारीक केले, जसे कुणीही करेल. कॅमेऱ्याला वाटलं झोप लागली. पडदा लाल, आवाज सुरू. काकांनी पडद्याकडे पाहिलं, ‘ओके’ वर बोट नेलं, बस खड्ड्यातून गेली, बोट बाजूला पडलं, पुन्हा नेलं. नजर रस्त्यावर परत येईपर्यंत सत्त्याऐंशी फ्रेम्स झाल्या. दोन पूर्णांक नऊ सेकंद. बस ताशी चाळीसने चालली होती, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. बत्तीस मीटर रस्ता, ट्रक शेजारून जात असताना, जागा असलेल्या माणसाने न बघता कापला. कारण ‘रस्त्याकडे बघ’ हे सांगणाऱ्या यंत्राने त्याला आपल्याकडे बघायला लावलं होतं.

मी ते चित्रीकरण कितीतरी वेळा पाहिलं. माझा विद्यार्थी म्हणाला, मॅडम, हे एकच अहवालात घातलं तरी पुरे.

त्या एका फेरीत यंत्र चौदा वेळा वाजलं. चौदाही प्रसंग आम्ही फ्रेम फ्रेम करून तपासले. खरोखर पापण्या जड झालेले त्यात दोन. बाकी वेळी काका डाव्या आरशात बघत होते, टॉवेलने तोंड पुसत होते, थांब्यावर चढणाऱ्यांकडे मान वळवून बसले होते. आपल्या अरुंद रस्त्यावर डावा आरसा बघणं म्हणजे दुचाकीवाल्याचा जीव वाचवणं. यंत्र त्यालाच चूक म्हणत होतं. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. चौदातल्या बारा हाका खोट्या निघाल्यावर तेराव्या हाकेला कोण धावेल?

याचं कारण मला असं दिसतं की ही यंत्रं सरळ, मोकळ्या, वेगवान रस्त्यांच्या हिशेबाने जन्माला आली आहेत. युरोपात जुलै २०२२ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना डुलकीची सूचना सक्तीची झाली, आणि तिथल्या नियमात ती ताशी ७० किलोमीटरच्या वर आपोआप चालू होते. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत वेगाची घंटी आली, ती वाजते ८० नंतर. आमच्या बसचा काटा त्या वाटेवर साठाला क्वचित टेकला. तिथली कल्पना उचलून इथे लावताना तो वेगाचा उंबरठा कुणीतरी काढून टाकला होता, आणि यंत्र उभ्या बसमध्येही वाजत होतं.

नवव्या दिवशी वेर्ण्याला पोचल्यावर कामगार उतरून गेले. मी सामान आवरत होते. काका म्हणाले, “बाय, एक दाखवू?” मला ‘बाय’ म्हणण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी पडद्याच्या मागे बोट घालून स्पीकरच्या जाळीवरून काहीतरी सोललं. दवाखान्यात जखमेवर लावतात ती पांढरी चिकटपट्टी, दुपदरी घडी केलेली, कडा काळ्या झालेल्या. मी येणार म्हणून पहिल्या दिवशी काढली होती. मधल्या दोन दिवशी विसरून राहिली होती. माझ्या नोंदींत त्या दोन दिवसांचा आवाज कमी का, हे कोडं मला सुटलं नव्हतं.

“का लावलीत?”

त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं. आवाज त्यांना फारसा खटकत नव्हता. खटकत होतं ते मागे काय होई ते. यंत्र ओरडलं की चाळीस माणसं दचकून उठत आणि पुढे बघत. ‘ड्रायव्हर झोपला रे!’ एकदोघांनी कंपनीत तक्रारही केली होती. काका त्या वेळी आरशात बघत होते. “वीस वर्षांत एकाला खरचटलं नाही. आता रोज सगळ्यांसमोर ही बाई मला झोपाळू म्हणते. इंग्रजीत म्हणते, पण लोकांना कळतं.”

आमच्या चष्म्यात, मोटरीत, फ्रेम्समध्ये हे कुठेच आलं नव्हतं. वैतागाच्या रेघेवरही नाही. तिथे त्यांनी रोज मधोमध खूण केली होती, कारण कागद शेवटी कंपनीत जाईल असं त्यांना वाटत होतं. चिकटपट्टी लावलेली सुरक्षा यंत्रणा म्हणजे मुळात यंत्रणाच नाही, आणि ती पट्टी लावायला लावणारं कारण रचनेतच होतं. बाकीच्या पाचजणांना मी त्यानंतर एकेकट्याला विचारलं, कागदाशिवाय, चहा घेताना. तिघांकडे काही ना काही उपाय होता. एकाने कॅमेऱ्यापुढे गणपतीचा छोटा फोटो लावला होता.

अहवाल लिहिताना मी पाच गोष्टी मागितल्या. ‘ओके’ काढून टाका, नजर रस्त्यावर परत आली की सूचना आपोआप थांबू दे. आवाजाऐवजी चालकाच्या सीटखाली थरथर द्या, ती फक्त त्यालाच कळेल. संख्या भरायचं काम मागे बसणाऱ्या मुकादमाकडे द्या. आरशाकडे वळलेली नजर चूक धरू नका, आणि बस उभी असताना गप्प राहा. पाचवी गोष्ट ड्युटीच्या वेळापत्रकाबद्दल होती, तिच्याकडे येते.

कंपनीने अहवाल वाचून आधी एकच विचारलं: सहापैकी कोण कोण कमी पडले, त्यांची नावं. मी दिली नाहीत. नावांच्या जागी पहिल्या दिवसापासून अक्षरं होती आणि कुठलं अक्षर कुणाचं तो कागद माझ्या कपाटात. थोडा ताण झाला, दोन फोन आले. मग त्यांनी विषय सोडला आणि पाचपैकी पहिल्या तीन सूचना स्वीकारल्या. चौथीबद्दल यंत्र पुरवणाऱ्यांशी बोलणं चालू आहे. चतुर्थीनंतर आम्ही पुन्हा त्याच रस्त्यावर त्याच सहाजणांबरोबर बसलो. थरथर आल्यावर पडद्याकडे गेलेली सगळ्यात लांब नजर एकतीस फ्रेम्सची निघाली, तीही सवयीने. खोट्या सूचना अजून बऱ्याच आहेत. पण कुणी पट्टी लावलेली नाही, मी मागे बोट घालून पाहिलं.

पाचवी सूचना ‘कामाच्या कक्षेबाहेर’ म्हणून परत आली. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने केलेली झोपेची एक नऊ पायऱ्यांची मोजपट्टी आहे. एक म्हणजे टक्क जागा, नऊ म्हणजे झोपेशी झगडतोय. फेरी संपल्यावर मी ती विचारायचे. आठवड्यात दोन दिवस काकांना रात्रपाळीचे कामगारही सोडायचे असत, घरी पोचायला अकरा वाजत, आणि साडेतीनला पुन्हा उठायचं. त्या दोन रात्रींनंतरच्या सकाळी ते आठवर बोट ठेवत. यंत्राने बरोबर पकडलेले प्रसंगही बहुतेक त्याच सकाळचे. तेवढ्यापुरतं यंत्र खरं बोलत होतं, आणि सीटखालची थरथर त्याला उत्तर नाही.

म्हणून दुसऱ्या फेरीच्या कागदावर, सगळ्या रेघांच्या वर, मी एक प्रश्न वाढवला: काल रात्री किती तास झोपलात? ते मोजणं तर माझ्या कक्षेत येतं. काकांनी या वेळी कागद न वाचताच घेतला, पेन मागितलं, आणि जुन्या पद्धतीने साडेचार लिहिलं, ४॥.